गोळीआधीची न्याहारी

लोण्यात तळलेली दोन अंडी, बेकनचे दोन काप, लोणी लावलेले टोस्टचे दोन तुकडे, साधारण ११५ ग्रॅम तळलेला बटाट्याचा कीस आणि एक मोठा पेला सायीसकट दूध. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, डिसेंबर २००२मध्ये औषध कंपन्यांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात ही न्याहारी नमुना म्हणून लिहिलेली आहे. कॅलरी किती, तर ८०० ते १०००. त्यातल्या साधारण निम्म्या स्निग्ध पदार्थांतून आल्या पाहिजेत. प्रथिनांच्या साधारण १५०, पिठूळ-गोड पदार्थांच्या २५० आणि तेल-लोण्याच्या ५०० ते ६००.

ही न्याहारी मोजमापाचं साधन आहे. निरोगी माणसानं किमान दहा तास उपाशी राहायचं, मग हे ताट अर्ध्या तासात संपवायचं. पहिला घास घेतल्यापासून तीस मिनिटांनी नव्या औषधाची गोळी २४० मिलिलिटर पाण्याबरोबर गिळायची. त्यानंतर चार तास अन्नाचा कण नाही. हातात बसवलेल्या सुईतून ठरल्या वेळी रक्त काढलं जातं आणि त्यात औषध किती उतरलं ते मोजलं जातं. काही दिवसांनी तोच माणूस, तीच गोळी, पण या वेळी अनाशापोटी. दोन दिवसांचे दोन आलेख शेजारी ठेवले, की औषधाच्या माहितीपत्रकातली एक ओळ ठरते: ‘जेवणानंतर घ्यावे’, ‘रिकाम्या पोटी घ्यावे’ किंवा ‘केव्हाही चालेल’.

केमिस्ट पाकिटावर पेनानं खूण करतो ती याच ओळीची. आपण ती घरातल्या वडीलधाऱ्यांच्या सल्ल्यासारखी ऐकतो, पाळली तर पाळली. पण काही औषधांत ती ओळ पाळणं आणि न पाळणं यात दुप्पट, पाचपट, कधी दहापट औषधाचा फरक पडतो. गोळीवर छापलेले मिलिग्रॅम हा मात्रेचा अर्धाच भाग आहे, उरलेला अर्धा ताटावर ठरतो. हे कळायला माणसाला फार काळ लागला. शिवाय ते कोणाच्या ताटावर मोजलं गेलं, हा प्रश्न आपल्यासाठी अजून उघडाच आहे.

वेळेचं जुनं शास्त्र

औषध आणि जेवण यांचं नातं आपल्याकडच्या वैद्यांनी फार बारकाईनं लावलेलं होतं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात औषध घेण्याच्या दहा वेळा दिल्या आहेत. अभक्त म्हणजे अन्नाशिवाय नुसतं औषध. प्राग्भक्त म्हणजे जेवणाच्या लगेच आधी, अधोभक्त म्हणजे जेवणानंतर, मध्येभक्त म्हणजे जेवताना मध्येच. अंतराभक्त दोन जेवणांच्या मध्ये, सभक्त अन्नात मिसळून, सामुद्ग जेवणाच्या आधी आणि नंतरही. मुहुर्मुहुः म्हणजे पुन्हा पुन्हा, अन्न असो वा नसो. ग्रास म्हणजे घासात कालवून आणि ग्रासांतर म्हणजे दोन घासांच्या मध्ये.

या प्रत्येक वेळेमागे कारण दिलेलं आहे. अन्नाशिवाय घेतलेलं औषध जास्त जोरानं काम करतं, पण लहान मूल, म्हातारं माणूस, नाजूक प्रकृतीचा रोगी यांना ते झेपत नाही, त्यांना ग्लानी येते, असं सुश्रुत सांगतो. अशांना औषध अन्नात मिसळून द्यावं. पोट भरलेलं असलं की औषधाचा जोर मंदावतो, हे निरीक्षण त्यात स्पष्ट आहे. मात्र जोर किती मंदावला, कोणत्या औषधाचा मंदावला आणि कोणाचा उलट वाढला, हे बाहेरून रोग्याकडे बघून सांगता येण्यासारखं नव्हतं. युरोपातले डॉक्टरही चिठ्ठीवर ‘जेवणापूर्वी’ आणि ‘जेवणानंतर’ यांची लॅटिन आद्याक्षरं लिहीत आले. त्यांच्याही हातात वहिवाट होती, माप नव्हतं.

पोटाला पडलेली खिडकी

मापाची सुरुवात एका अपघातानं झाली. ६ जून १८२२ रोजी उत्तर अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर, फर व्यापाऱ्यांच्या दुकानात, बंदूक चुकून उडाली आणि अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण कॅनेडियन नावाड्याच्या पोटात छर्रे घुसले. छावणीतले लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवलं. जखम भरली, पण जठरात उघडणारं एक भोक कायमचं राहिलं. १८२५पासून बोमाँट त्या भोकातून मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून आत सोडू लागले आणि ठरावीक वेळानं बाहेर काढून बघू लागले. कोणता पदार्थ किती वेळात विरघळतो, राग आल्यावर पचनाचं काय होतं, तेलकट पदार्थ किती रेंगाळतात, अशा दोनशेहून अधिक प्रयोगांचं त्यांचं पुस्तक १८३३मध्ये प्रसिद्ध झालं. जिवंत माणसाच्या पचनाची अशी सविस्तर नोंद त्याआधी कोणी केली नव्हती.

मोजमापाच्या या वंशावळीत सेंट मार्टिनचं नाव बोमाँटच्या बरोबरीनं घेतलं पाहिजे. तो डॉक्टरांच्या घरी लाकडं फोडत होता, पडेल ते काम करत होता आणि उरलेल्या वेळात उपाशी राहून पोट तपासायला देत होता. १८३२मध्ये त्याच्याशी लेखी करार झाला: राहणं-खाणं आणि वर्षाचे १५० डॉलर. तो कंटाळून घरी निघून जाई आणि गरज पडली की परत येई. १८८०मध्ये तो वारला तेव्हा डॉक्टरांना शवविच्छेदन करता येऊ नये म्हणून घरच्यांनी मृतदेह मुद्दाम काही दिवस तसाच ठेवला आणि मग नेहमीपेक्षा खोल खड्डा खणून पुरला. पैशासाठी ठरवून दिल्याप्रमाणे उपास करणारा आणि जेवणारा माणूस, त्याच्या शरीरातून निघालेलं ज्ञान आणि त्या ज्ञानाबद्दल त्याच्या घरच्यांना वाटलेली भीती, या तिन्ही गोष्टी आजच्या चाचण्यांच्या मुळाशी आहेत.

पुढचा टप्पा १८९६चा. क्ष-किरणांचा शोध लागून वर्ष झालं होतं. हार्वर्डमधले वैद्यकाचे विद्यार्थी वॉल्टर कॅनन यांनी अन्नात बिस्मथ मिसळून प्राण्यांना खाऊ घातलं आणि जठराची हालचाल पडद्यावर पाहिली. १९०४मध्ये त्यांनी मांडलं, की पिठूळ पदार्थ जठरातून सर्वांत लवकर बाहेर पडतात, प्रथिनं उशिरा आणि स्निग्ध पदार्थ सर्वांत उशिरा. औषधांच्या दृष्टीनं हा मोठा धागा होता. बहुतेक औषधं जठरात फारशी शोषली जात नाहीत, ती लहान आतड्यात शोषली जातात. जठराचं खालचं दार कधी उघडतं यावर गोळीचा असर कधी सुरू होणार हे ठरतं. एडिंबरामधल्या संशोधकांनी १९७३मध्ये हे पॅरासिटामॉलवर नेमकं दाखवलं: ज्याचं जठर लवकर रिकामं होतं त्याच्या रक्तात औषध लवकर चढतं.

रक्तात काय उतरलं हे मोजण्याची वाट दारूनं दाखवली. एडवर्ड मेलँबी यांनी १९१९मध्ये कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं, की आधी दूध पाजलं तर रक्तातलं अल्कोहोल हळू चढतं. पोटात गेलेला पदार्थ रक्तात किती दिसतो, आणि अन्न असताना किती, अशी तुलना आता आकड्यांत करता येऊ लागली.

गजकर्णाची गोळी आणि दुधाचा पेला

खऱ्या अर्थानं औषध आणि अन्न यांची पहिली गाजलेली जोडी आली ती गजकर्णाच्या उपचारातून. ग्रिसिओफल्विन हे बुरशीतून मिळालेलं रसायन लंडनमध्ये १९३९मध्येच वेगळं काढलेलं होतं. १९५८मध्ये ग्लासगोच्या जेंटल्स यांनी दाखवलं, की ते तोंडावाटे दिलं तर गिनिपिगांचा त्वचेवरचा बुरशीचा रोग बरा होतो. मलमांवर अवलंबून असलेल्या त्वचारोगतज्ज्ञांसाठी ही क्रांती होती. पण गोळी सगळ्यांना सारखी लागू पडेना. रसायन पाण्यात जवळजवळ विरघळतच नव्हतं. १९६१मध्ये रॉबर्ट क्राउन्स यांनी तीच मात्रा स्निग्ध जेवणाबरोबर आणि जेवणाशिवाय देऊन रक्तातली पातळी मोजली. तेल-लोण्याच्या जेवणानंतर ती जवळजवळ दुप्पट भरली.

याचं कारण नंतर उलगडत गेलं. स्निग्ध अन्न आतड्यात उतरलं की पित्ताशय आकुंचन पावतं आणि पित्त सोडतं. पित्तातले क्षार तेलाचे सूक्ष्म थेंब करतात आणि पाण्यात न विरघळणारं औषध त्या थेंबांच्या आधारानं विरघळून आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचतं. उपाशी पोटी हे वाहन नसतं, त्यामुळे औषधाचा मोठा भाग शौचावाटे निघून जातो.

त्याच काळात याच्या नेमकी उलट गोष्ट टेट्रासायक्लिननं शिकवली. लेडर्ली प्रयोगशाळेत बेंजामिन दुग्गर यांनी १९४८मध्ये ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिनच्या कुळातलं पिवळं प्रतिजैविक जगापुढे आणलं. तिथल्या संशोधन विभागाचे प्रमुख तेव्हा आंध्रातून गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. औषधानं पोटात जळजळ होई, म्हणून रोग्याला दूध किंवा आम्लपित्तावरचं औषध बरोबर दिलं जाई. थोड्याच वर्षांत लक्षात आलं, की ही काळजीच औषध वाया घालवत होती. दुधातलं कॅल्शियम किंवा त्या औषधातलं अ‍ॅल्युमिनियम टेट्रासायक्लिनला घट्ट बिलगतं आणि ती जोडी आतड्याच्या भिंतीतून आत जाऊ शकत नाही. लहान मुलांच्या दातांवर या औषधाचे पिवळे डाग पडतात तेही कॅल्शियमच्या याच ओढीमुळे.

दोन कंपन्यांची एकच गोळी

तोवर अन्नाचा प्रभाव ही सुट्यासुट्या औषधांची गोष्ट होती. तिचा नियम झाला तो एका वेगळ्या धक्क्यामुळे. १९७१मध्ये जॉन लिंडेनबॉम यांनी हृदयाच्या डिगॉक्सिन या औषधाच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या स्वयंसेवकांना दिल्या. मात्रा एकच असूनही रक्तातल्या पातळीत कित्येक पटींचा फरक निघाला. डिगॉक्सिन थोडं जास्त झालं तरी जीवघेणं ठरतं. गोळीत औषध किती भरलं आहे यापेक्षा शरीरात किती पोचलं हे तपासलं पाहिजे, ही जाणीव तिथून पक्की झाली. १९७७मध्ये अमेरिकेनं त्यासाठी नियम केले आणि १९८४च्या कायद्यानं जेनेरिक औषधांना मान्यता मिळण्याचा रस्ता या मोजमापातूनच जाईल असं ठरलं.

त्याच १९७७मध्ये विस्कॉन्सिनच्या पीटर वेलिंग यांनी अन्नामुळे औषधांचं शोषण कसं बदलतं याचा मोठा आढावा घेतला. स्वीडनच्या आर्ने मेलँडर यांनी प्रोप्रानोलॉल आणि मेटोप्रोलॉल ही रक्तदाबाची औषधं निरोगी स्वयंसेवकांना जेवणाबरोबर दिली तर रक्तात जास्त पोचतात हे दाखवलं. इथे तेलात विरघळण्याचा प्रश्नच नव्हता. ही औषधं आतड्यातून यकृतात जातात आणि बरीचशी तिथेच मोडली जातात. जेवणानंतर यकृताकडे रक्ताचा ओघ वाढतो आणि त्या गर्दीत काही औषध यकृताच्या हातून सुटतं, असा त्याचा अर्थ लावला गेला.

सगळ्यांत कडक इशारा दम्याच्या औषधानं दिला. दिवसातून एकदाच घ्यायची, चोवीस तास हळूहळू सुटत राहणारी थिओफिलिनची कॅप्सूल १९८०च्या दशकात बाजारात आली. थिओफिलिनचं प्रमाण थोडं जास्त झालं तरी उलट्या, धडधड आणि पुढे झटके येतात. फ्लोरिडातले लेस्ली हेंडेलेस आणि सहकाऱ्यांनी १९८५मध्ये दाखवलं, की भरपूर लोण्याची न्याहारी करून अशी कॅप्सूल घेतली तर चोवीस तासांच्या मात्रेतला जवळजवळ अर्धा भाग चार तासांत रक्तात उतरतो. रोग्यानं काही चुकवलं नव्हतं, डॉक्टरनंही नाही. सकाळच्या जेवणानं औषधाचं कुलूप तोडलं होतं. हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या भरल्या पोटी तपासल्याशिवाय बाजारात येऊ नयेत, हा आग्रह त्यानंतर धरला गेला.

१९८९मध्ये कॅनडातल्या लंडन शहरात डेव्हिड बेली यांनी फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर दारूचा परिणाम तपासायला घेतला. दारूची चव स्वयंसेवकांना कळू नये म्हणून ती ग्रेपफ्रूटच्या रसात मिसळली. रक्तातलं औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं आणि शोध घेतल्यावर दोषी ठरला तो रस. पपनसाच्या कुळातल्या या फळात असे घटक असतात, की आतड्याच्या भिंतीतलं औषध मोडणारं विकर ते निकामी करतात. अन्नाचा परिणाम पोट भरलं की रिकामं एवढ्यावर थांबत नाही, फळाचा रसही औषधाची मात्रा बदलू शकतो, हे त्यानं दाखवून दिलं.

या सगळ्याचा निचोड म्हणजे सुरुवातीला सांगितलेली मार्गदर्शिका. तिचा मसुदा १९९७चा, अंतिम रूप २००२चं, आणि नव्या औषधांसाठीची सुधारित आवृत्ती जून २०२२ची. सर्वांत टोकाचा परिणाम पकडायचा म्हणून जड, तुपट न्याहारी निवडली जाते. तिच्यामुळे जठर उशिरा रिकामं होतं, पित्त भरपूर सुटतं, रक्ताचा ओघ बदलतो. एवढ्या ताणाखाली औषधाचं शोषण बदललं नाही, तर रोजच्या जेवणानंही बदलणार नाही असं मानता येतं. प्रत्येक स्वयंसेवक दोन्ही स्थितींतून जातो, कोणी आधी उपाशी तर कोणी आधी भरल्या पोटी. किमान बारा जणांनी चाचणी पूर्ण करावी लागते. भरल्या पोटीचं प्रमाण उपाशीपोटीच्या तुलनेत, संख्याशास्त्रानं काढलेल्या पट्ट्यासह, ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसलं, तर अन्नाचा परिणाम नाही असं धरतात.

ताट संपवणारी माणसं

निरोगी माणसंच का? आजारी माणसाचं पोट, यकृत, इतर औषधं या सगळ्यांमुळे आकडे गढूळ होतात. अन्नाचा एकच परिणाम वेगळा दिसावा म्हणून शरीर शक्य तितकं साधं हवं. कर्करोगाच्या विषारी औषधांची चाचणी मात्र निरोगी माणसावर करता येत नाही, तिथे रुग्णच लागतात.

ही निरोगी माणसं कोण होती, याचा इतिहास सुखाचा नाही. अमेरिकेत १९७०च्या दशकापर्यंत नव्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्या मोठ्या प्रमाणावर तुरुंगातल्या कैद्यांवर होत. बंद दाराआडची संमती ही खरी संमती नसते, हे मान्य झाल्यावर ती वाट बंद झाली आणि तिच्या जागी मोबदला घेणारे स्वयंसेवक आले. जेनेरिक औषधांचा व्यवसाय वाढला तसं हे काम मोठ्या प्रमाणावर भारतात आलं. अहमदाबाद, हैदराबाद, बंगळुरू, मुंबई आणि नवी मुंबईत अशी केंद्रं उभी राहिली.

तिथली रात्र साधारण अशी असते. संध्याकाळी भरती, तपासणी, ठरलेलं रात्रीचं जेवण, मग उपास. पहाटे हातात सुई बसते. भरल्या पोटीची फेरी असेल तर घड्याळ लावून न्याहारी, आणि ताटात काही उरता कामा नये, कारण उरलेला प्रत्येक घास आकडे बिघडवतो. गोळी गिळल्यावर जिभेखाली आणि गालात बॅटरी मारून बघतात. मग ठरल्या मिनिटाला रक्त, पुन्हा रक्त, पुन्हा रक्त. यात बहुतांश पुरुष असतात आणि पुष्कळ जण असे, की मिळणारी रक्कम त्यांच्या महिन्याच्या खर्चात खरोखरच मोजली जाते. लागोपाठ दोन ठिकाणी नाव नोंदवलं तर शरीराला धोका आणि आकड्यांनाही, म्हणून बोटांच्या ठशांनी ओळख ठेवणारी केंद्रं आहेत. २०१९च्या नव्या औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांखाली या चाचण्यांनाही नीतिसमितीची मान्यता आणि इजा झाल्यास भरपाई बंधनकारक आहे. हा नियम कागदावरून माणसापर्यंत पोचतो का, हे सतत तपासत राहावं लागेल. दहा तासांचा उपास आणि डझनभर वेळा दिलेलं रक्त यांच्या बळावर माहितीपत्रकातली ती ओळ उभी आहे. ती लिहिणाऱ्या माणसाइतकाच मान ती शरीरावर झेलणाऱ्याचा आहे.

कोणाचं ताट?

बेकन आणि अंड्यांची न्याहारी भारतात आली तेव्हा अडचण उघड होती. आपल्या केंद्रीय औषध नियामक संस्थेनं मार्च २००५मध्ये जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात हे मोकळेपणानं मान्य केलेलं आहे. न्याहारी ९५० ते १००० कॅलरींची, त्यातल्या किमान निम्म्या स्निग्ध पदार्थांतून आणि १५ ते २० टक्के प्रथिनांतून. पण या उपखंडातलं वैविध्य इतकं, की सगळ्यांसाठी एकच न्याहारी ठरवून देणं शक्य नाही, योग्य आहार प्रत्येक चाचणीच्या आराखड्यातच लिहावा, असा तिचा आशय आहे. म्हणून कुठे पनीर, कुठे पराठे, कुठे तळलेले बटाटे आणि लोणी-पाव अशा पदार्थांतून त्या कॅलरी जुळवल्या जातात.

कॅलरी जुळल्या म्हणून ताट जुळत नाही. ज्वारीची भाकरी, पिठलं, वरणभात खाणाऱ्या माणसाच्या जेवणात तंतू जास्त, तेल कमी, डाळ भरपूर असते. रोजच्या त्या जेवणानं औषधाचं काय होतं, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो विचारणारी माणसं आपल्याकडे होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत कल्पगम पोलासा आणि कमला कृष्णस्वामी यांनी १९८३मध्ये क्षयरोगाचं रिफाम्पिसिन निरोगी स्वयंसेवकांना भारतीय न्याहारीबरोबर दिलं. गहू, भाज्या आणि थोडं तेल, असं ते साधं जेवण होतं. तरीही रिफाम्पिसिनचं शोषण घटलं. पुढे १९९९मध्ये अमेरिकेत चार्ल्स पेलोकिन यांनी जड, तुपट न्याहारीवर तेच तपासलं तेव्हा रक्तातली सर्वोच्च पातळी ३६ टक्क्यांनी खाली आली. लाखो क्षयरोगी सहा महिने हे औषध घेतात. उलट्या होतात म्हणून ते खाऊन घ्यायचं, की पूर्ण लाभ व्हावा म्हणून उपाशी, हा निर्णय आपल्याकडे घरोघरी रोज होतो. म्हणून हैदराबादचा तो छोटा प्रयोग फार मोलाचा आहे.

क्षयाच्याच बेडाक्विलिनचं उलट आहे. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावरचं हे नवं औषध जेवणाबरोबर घेतलं तर रक्तात जवळजवळ दुप्पट पोचतं. एकाच रोगाची दोन औषधं, एकाला रिकामं पोट हवं आणि दुसऱ्याला भरलेलं.

मलेरियाच्या लुमेफँट्रिननं तर हिशेबच बदलला. जड न्याहारीनंतर ते सोळापट जास्त शोषलं जातं. पण हिवतापानं फणफणलेला, ओकणारा माणूस अशी न्याहारी कशी खाणार? थायलंडमध्ये निरोगी स्वयंसेवकांवर २००७च्या सुमारास वेगवेगळ्या प्रमाणात सोयाबीनचं दूध देऊन पाहिलं. सुमारे १.२ ग्रॅम स्निग्धांश, म्हणजे जेमतेम काही घोट, एवढ्यानंही औषध जवळजवळ पूर्ण क्षमतेनं शोषलं जातं असं दिसलं. गरीब घरात, तापाच्या रात्री, ही माहिती जीव वाचवणारी आहे. हा प्रश्न विचारला गेला, कारण संशोधकांनी रुग्णाच्या ताटापासून सुरुवात केली.

आता हा धागा औषधाच्या किमतीपर्यंत आला आहे. पुरस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरचं अ‍ॅबिरॅटेरोन अनाशापोटी १००० मिलिग्रॅम घ्यायचं असं माहितीपत्रक सांगतं. जड न्याहारीबरोबर तेच दहापट शोषलं जातं आणि हलक्या न्याहारीबरोबर पाचपट. म्हणजे रिकाम्या पोटी महागडं औषध बहुतांश वाया जातं. शिकागोच्या मार्क रॅटेन आणि सहकाऱ्यांनी ७२ रुग्णांत १००० मिलिग्रॅम उपाशीपोटी आणि २५० मिलिग्रॅम हलक्या न्याहारीबरोबर असे दोन गट केले. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत रोगाच्या रक्तचाचणीवर दोन्हींचा परिणाम सारखाच होता. आज अमेरिकेतली कर्करोगाची प्रमुख मार्गदर्शिका हा पर्याय देते. चार गोळ्यांच्या जागी एक. आपल्यासारख्या देशात, जिथे कर्करोगाचं औषध घर विकायला लावतं, त्या एका न्याहारीचं मोल किती असेल! मात्र हा बदल डॉक्टरच्या देखरेखीखालीच करायचा. ज्या औषधाला अन्न दहापट वाढवतं, तेच चुकीच्या वेळी घातक ठरतं.

मोजमापाच्या या परंपरेनं आपल्याला काय दिलं, तर एक सवय. गोळीबद्दल विचारताना ताटाबद्दलही विचारण्याची. ती सवय दवाखान्यात आणि दुकानात उतरायला हवी. चिठ्ठीवर दोन लॅटिन अक्षरं लिहून भागणार नाही. ‘जेवणाआधी एक तास, साध्या पाण्याबरोबर, चहा-दूध नको’ किंवा ‘पोटभर जेवणानंतर लगेच’ असं मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात लिहिलं गेलं पाहिजे. थायरॉइडची गोळी चहाबरोबर आणि हाडांच्या ठिसूळपणावरची गोळी कॅल्शियमबरोबर घेणारी कितीतरी घरं आहेत. त्यांना हे कोणी सांगितलेलंच नसतं.

आणि नियामकांनी आणखी एक पाऊल टाकायला हवं. भारतात ज्या नव्या औषधांवर अन्नाचा परिणाम तपासला जातो, त्यांच्या माहितीपत्रकात कोणती न्याहारी दिली होती ते स्पष्ट छापावं. जड न्याहारीबरोबरच कमी तेलाच्या, रोजच्या भारतीय जेवणावरही ते मोजावं. अमेरिकेच्या २०२२च्या सूत्रात ४०० ते ५०० कॅलरींच्या हलक्या जेवणाची सोय आहेच. भाकरी-डाळ, भात-आमटी, इडली-सांबार यांवर मोजलेले आकडे जोवर आपल्याकडे नसतील, तोवर आपण दुसऱ्याच्या ताटाची सूचना पाळत राहू. हे आकडे मिळवणं कठीण नाही. पद्धत तयार आहे, केंद्रं तयार आहेत आणि उपास करायला, ताट संपवायला तयार असलेली माणसंही याच शहरांत राहतात. त्यांनी दिलेल्या रक्तातून त्यांच्याच घरातल्या माणसाला उपयोगी पडेल असं उत्तर निघालं पाहिजे.